पहिली ओळ कोणाची

३ सप्टेंबर

आज पुन्हा दोघींनी एकदमच सुरुवात केली! मी आणि थोरल्या जाऊबाई. स्तोत्राची पहिली ओळ – मी माझ्या सुरात, त्या त्यांच्या. थांबायला कोणीच तयार नाही. मी आवाज चढवला, त्यांनी त्याहून चढवला. देवापुढे शर्यत! शेवटी त्यांना ठसका लागला, म्हणून मी पुढे गेले.

सासूबाई पलंगावरून बघत होत्या. झटका आल्यापासून त्यांची वाचा गेली आहे. उजवा हातही.

४ सप्टेंबर

काल रागात लिहिलं. आज नीट लिहिते.

या घरात रोज संध्याकाळी बायबलातलं एक स्तोत्र. क्रमाने. संपली की पुन्हा पहिल्यापासून. एक ओळ एकीने म्हणायची, पुढची उत्तरादाखल दुसऱ्यांनी. पहिली ओळ कायम सासूबाईंची, तीही पुस्तक न उघडता. आम्ही दोघी सुना उत्तराला. आता ती पहिली ओळ बेवारस झाली आहे.

ताई म्हणतात, "मी थोरली." त्या शाळेत हेडबाई होत्या. निवृत्त झाल्या त्या फक्त शाळेतून. मी म्हणते, सासूबाईंचं अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं – करतं कोण? मग ओळ कोणाची?

हॉटेलचे पडदे शिवायचं काम आलंय. खालची दुमड घालताना बॉबिनचा दोरा दोनदा गुंतला. राग हातात उतरतो माझ्या.

७ सप्टेंबर

बोलायला शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. चित्रं दाखवली. कप, किल्ली, मांजर. सासूबाईंनी तोंड उघडलं, "अं..." आलं, पुढे काही नाही. डोळे भरून आले त्यांचे.

जिन्यात त्या बाई म्हणाल्या, "आशा सोडू नका. पण जितका उशीर होईल, तितकं अवघड."

मला भीती वाटते. सरळ लिहिते, वाटते. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या मला 'धाकटे' अशी हाक मारतात. ती हाक पुन्हा कानावर पडणारच नाही का?

८ सप्टेंबर

मागून मागून दमले. आता देवाला नवीन काय सांगू?

सासूबाई कधी असं मागत बसायच्या नाहीत. मामंजी गेले त्या संध्याकाळी नेमकं आनंदाचं स्तोत्र निघालं. ताई म्हणाल्या, "आज दुसरं घेऊ या." तर सासूबाई म्हणाल्या, "त्याने वाढलंय ते घ्यायचं. निवडत बसायचं नाही." आणि म्हटलं! आवाज कापत होता, पण म्हटलं. मला ते तेव्हा पटलं नव्हतं. आजही पुरतं पटलेलं नाही.

१० सप्टेंबर

पडदे गेले. पाठ धरली आहे.

११ सप्टेंबर

जिंकले! ताईंनी पुस्तक माझ्या मांडीवर आपटलं. "घे बाई, तूच घे. रोज कोण घसा फोडून घेणार!"

पहिली ओळ खणखणीत म्हटली. ताईंनी उत्तर दिलं, पण इतकं पुटपुटत की मलाच ऐकू येईना. सासूबाईंनी तोंड भिंतीकडे वळवलं होतं. झोप लागली असेल. नसेलही.

१२ सप्टेंबर

झोप नव्हती ती. कूस बदलायला वाकले, तर डाव्या हाताने माझं मनगट धरलं. ताईंच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे. बस्स, एवढंच. बोलल्या असत्या तर मी वाद तरी घातला असता!

१३ सप्टेंबर

पुस्तक ताईंना परत दिलं.

"आता काय झालं?"

"काही नाही. तुम्ही थोरल्या."

बराच वेळ संशयाने बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आवाज तसा बरा आहे हो तुझा. दिवसभर मशीनवर ओरडून बोलतेस तरी." हे कौतुक समजायचं!

उद्याचं स्तोत्र बघून ठेवलं. तीनच ओळींचं, आईच्या कुशीत निवांत झालेल्या लेकराचं. म्हणजे पहिली ताईंची, शेवटचीही त्यांचीच. मला मधली. असू दे. खरं सांगायचं तर टोचलं जरा. पण असू दे.

१४ सप्टेंबर

ताईंनी पहिली ओळ म्हटली. मी श्वास घेतला – आणि मधली ओळ पलंगावरून आली. जीभ जड, शब्द एकमेकांना चिकटलेले, पण अख्खी ओळ! जन्मभर पहिली म्हणणाऱ्या बाईने आज उत्तराची घेतली.

मग ताईंनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं, म्हणाल्या, "शेवटची तू म्हण."