स्लॉटमधलं कुंकू

प्रिय रोहिदास,

'प्रिय' लिहायचं नव्हतं, तरी लिहिलं. धाकटा भाऊ आहेस, ते काही बदलता येत नाही. बाकी आज इतकी संतापले आहे की फोनवर बोलले असते तर अख्ख्या चिंचवडला ऐकू गेलं असतं. म्हणून कागद घेतला.

रविवारी तू सासरवाडीला गेलास, तेव्हा मी तुझ्या कुरुळीच्या वर्कशॉपवर गेले होते. किल्ली वॉचमन दत्तोबांनी दिली, त्यांच्या अंगावर ओरडू नकोस. तुझ्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर मी उघडला. ज्याच्यावरून सीएनसी मशीनना प्रोग्राम जातात आणि ज्याच्यापायी तू नवनाथला चोर ठरवून गेटबाहेर काढलंस, तोच. चौदा वर्षांपूर्वी तुझी शेड उभी राहिली तेव्हा मीच तो माझ्या दुकानात जोडून दिला होता. नवनाथही त्याच आठवड्यात लातूरहून एक बॅग घेऊन आला होता. प्रोग्राम कसा चढवायचा हे मी तुम्हा दोघांना एकदमच शिकवलं. तो तुझ्याआधी शिकला, आणि ते तुला तेव्हाही झोंबलं होतं.

दसऱ्यानंतर दोनच दिवसांत कॉम्प्युटर चालू करताना बीप बीप करायला लागला, मध्येच निळा पडदा येऊन बंद पडायला लागला, आणि मेमरी चारऐवजी दोनच जीबी दाखवायला लागला. एवढ्यावरून तू निकाल लावून मोकळा झालास की नवनाथने मेमरीची चांगली पट्टी काढून विकली आणि भंगारातली बसवली! अरे, त्या जुन्या मेमरीला आज कुत्रंसुद्धा विचारत नाही. अठरा वर्षं मी कॉम्प्युटरच दुरुस्त करते, अर्ध्या तासावर राहते, पण सख्ख्या बहिणीला एक फोन करावा असं तुला वाटलं नाही. उलट वर्कशॉप मालकांच्या ग्रुपवर त्याचा फोटो टाकलास आणि खाली लिहिलंस, 'चोर आहे, कुणी कामावर ठेवू नका.' त्या ग्रुपवर मीही आहे, विसरलास वाटतं.

आता नीट ऐक. मेमरीच्या दोन्ही पट्ट्या मी काढल्या. दोन्हींवर माझ्या दुकानाचं स्टिकर आहे, माझ्याच अक्षरातली तारीख आहे. म्हणजे कुणी काही बदललेलंच नाही! खोडरबराने पुसून एकेक पट्टी पहिल्या स्लॉटमध्ये, म्हणजे ती बसते त्या खाचेत, लावली, दोन्ही ठणठणीत चालल्या. दुसऱ्या स्लॉटमध्ये मात्र कुठलीही लावली तरी बीप. टॉर्च मारून पाहिलं तर आत कुंकू. पट्टीच्या कडेने उतरून वाळलेलं, आणि त्यात अक्षतेचा एक तुकडा चिकटलेला. ब्रशने आणि स्पिरिटने साफ केलं, वाळू दिलं, तर लगेच चार जीबी दिसली. मग दुपारभर मेमरीची टेस्ट चालवली. एकही एरर आला नाही.

कुंकू कुणाचं, हे सांगायला हवं का? खंडेनवमीला सगळ्या मशीनांची पूजा झाली आणि तू कॉम्प्युटरपाशी आलास. "पत्र्याच्या डब्याला काय कुंकू लावायचं, खरं मशीन तर आत हाय," म्हणून झाकण काढायला लावलंस आणि ओलं कुंकू, अक्षता थेट आत सोडल्यास. "भाऊ, आत नका टाकू, खराब होईल," असं नवनाथ म्हणाला होता. त्याला सगळ्या कामगारांसमोर झापलंस, पूजेच्या दिवशी तोंड बंद ठेव म्हणून. आणि मी काय केलं? ताट धरून शेजारी उभी राहिले. मला कळत नव्हतं थोडंच! पण चारचौघांत भावाचा पाणउतारा नको म्हणून गप्प बसले आणि पेढा खाऊन घरी आले. स्वतःचाही मला तेवढाच राग येतोय.

काल नवनाथची बायको करिष्मा दुकानात आली होती. बारा दिवस तो निघोज्यापासून महाळुंग्यापर्यंत कारखान्यांतून काम शोधत फिरतोय. गेटवर नाव सांगितलं की आतून कुणीतरी मोबाइल बघतं आणि जागा नाही म्हणून सांगतं. ऐन दिवाळीच्या तोंडावर बिऱ्हाड उचलून लातूरला जायच्या गोष्टी चालल्यात. गावात तरी काय सांगायचं, असं विचारत होती. चौदा वर्षं तुझ्या शिफ्टा ओढलेला माणूस आहे तो, लाज कशी वाटली नाही रे तुला?

हे पत्र मी दोनदा लिहिलं आहे, शब्दाला शब्द तोच. दुसरी प्रत दुकानाचा शिक्का मारून, सही करून नवनाथच्या हातात देते आहे; ही प्रत आजच दत्तोबांकडून तुला पोचेल. उद्या सकाळी तो राजगुरुनगरला एका मालकाकडे कामासाठी जातोय. तुझ्या ग्रुपवरच्या मेसेजचा विषय निघाला की तो हे पत्र पुढे करील. मी गप्प बसले तेही त्यात आहे, वाचू देत सगळ्यांना. वाचून झालं की तो मालक खरंखोटं करायला तुलाच फोन करणार, कारण तुझा नंबर मीच खाली लिहून दिलाय. काय बोलायचं ते तू ठरव. भाऊबीजेला तुला दार उघडायचं की नाही, ते मी त्या फोननंतर ठरवीन.

अजून तरी तुझीच,
पूनमताई