टाक्यातली मगर

जामनगर, ६ फेब्रुवारी १९८४

ती. मोटीबेनच्या सेवेशी, कुमुदचा शि. सा. न. वि. वि.

आपल्या बापूजींच्या पुस्तकावर चित्रपट निघतोय म्हणून मी इथे शेरीत घरोघरी पेढे वाटले. काल तू पाठवलेली पटकथा वाचली आणि पेढे परत मागावेसे वाटले. या सिनेमावाल्यांनी टाक्यात खरीच मगर घातली आहे. रबराची, डोळे मिचकावणारी, दोन गाणी म्हणणारी.

मगर खरीच असेल, तर मग मी खोटं काय बोलले? आपल्या भावनगरच्या अंगणातल्या टाक्यात मगर आहे असं सातव्या वर्षी मी ठोकून दिलं आणि सगळी शेरी तिच्यासाठी बाजरीचे रोटले ठेवू लागली, एवढीच तर गोष्ट. बापूजींनी मला रागवायचं सोडून ती लिहून काढली. माझ्या नावावर आयुष्यात तेवढं एकच आहे.

तू हेडमास्तरीण, जन्मात खोटं बोलली नाहीस. तुझं ऐकतील. मुहूर्ताआधी बोल.

लोभ आहेच, तो गांठियांसकट पोचता कर.

तुझी कुमुद

भावनगर, २ मार्च १९८४

चि. कुमुदला अनेक आशीर्वाद.

निर्माते पिनाकीनभाई घरी आले होते. बापूजींना हे आवडलं नसतं म्हटलं, तर म्हणाले, तिकीट बापूजी काढणार नाहीत. न दिसणारी मगर जास्त मोठी असते असं समजावलं, तर त्यांनी विचारलं, किती फूट.

मी हरलेच होते. पण ते निघाले आणि शेजारी कोणीतरी शिंकलं. पाचही अंगठ्या कपाळाला लावून ते पुन्हा दहा मिनिटं खुर्चीत बसले. कुमुद, त्या दहा मिनिटांत मी बोलले. एका नाटकवाल्याने मगर दाखवली, त्याचा रंगमंच खचला. दुसऱ्याने दाखवली, त्याचा आवाज गेला, तो अजून खुणेनं चहा मागतो. शाळेत याच गोष्टीसाठी मी मुलांना छड्या मारल्या आहेत. जीभ जराही अडखळली नाही.

काल आपल्याच अंगणात मुहूर्त झाला. मगर रद्द. तुझं खोटं जसंच्या तसं राहिलं. नारळ फुटल्यावर पिनाकीनभाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि टाक्याच्या काठावर हळूच एक रोटला ठेवला, तूप लावून.

आज सकाळी रोटला नव्हता. कुत्र्याने नेला असणार. त्यांनी विचारलं तेव्हा मी नुसती टाक्याकडे पाहत राहिले.

माया कमी करू नकोस. आता मी तुझ्याच पंथातली.

तुझी मोटीबेन