रविवारचं भाषण

प्रिय चिमणे,

एवढी मोठी झालीस तरी मी चिमणीच म्हणणार, नाक मुरडू नकोस. तुझ्या बाबांना पक्षाने पुन्हा बोलावलंय. रविवारी मैदानावर सभा आहे, तिथे ते निवडणुकीला उभं राहत असल्याचं जाहीर करणार. सत्ता गेल्यापासून ज्यांनी साधा फोन केला नाही, ते आता दिवाणखान्यात ठाण मांडून ‘देशाला तुमची गरज आहे’ म्हणतात. बाबा चढलेत हरभऱ्याच्या झाडावर. जुना कोट घालून आरशासमोर पोट आत घेऊन उभे राहतात.

पंतप्रधान असतानासुद्धा त्यांचं प्रत्येक भाषण आधी माझ्या स्वयंपाकघरात व्हायचं, आठवतं ना? मी कांदा चिरता चिरता ऐकायचे. ज्या वाक्याला माझी सुरी थांबली ते बाबा ठेवायचे, बाकीचं खोडायचे. सल्लागार बिचारे बाहेर ताटकळायचे. संपकऱ्यांवर लष्कर पाठवलं तेव्हाचं भाषण मात्र त्यांनी मला ऐकवलंच नाही. त्याच आठवड्यात तू भांडून बॅग भरलीस. तू त्यांना जे बोललीस, ते संसदेतही कुणी बोललं नव्हतं. मला तुझा राग आला होता आणि अभिमानही वाटला होता.

परवा बाबा या रविवारचं भाषण घेऊन आले. छान होतं गं, आवाज अजून तसाच. माझी सुरी थांबली. भाषण संपलं, पाणी प्यायले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, जणू मी ऐकलंच नव्हतं. मग पुन्हा एकदा. मी मान खाली घालून चिरत राहिले आणि डोळ्यांतलं पाणी कांद्यावर ढकललं.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सगळं सांगितलंय. पक्षवाल्यांनाही कुणकुण आहे, पण त्यांना फलकावर चेहरा हवाय, बाकी काही नाही. मैदानावर भाषण दुसऱ्यांदा सुरू झालं तर लोक त्यांना हसतील, ते मला सोसणार नाही. आणि ज्यांनी देश चालवला त्यांना ‘तुमच्या लक्षात राहत नाही, जाऊ नका’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

म्हणून लिहितेय. शनिवारी ये, आणि भांडायलाच ये. समजूत घालू नकोस, रडू तर मुळीच नकोस. संप काढ, लष्कर काढ, सगळं उकर. आजवर ते घरात हरलेत ते फक्त तुझ्यापुढे. तुझ्याशी वादात हरून घरी बसले, तर नेते म्हणून बसतील. मी बसवलं, तर आजारी म्हणून.

तुझीच, तुम्हा दोघांच्या मधे सापडलेली,
आई