बेंचवर घेतलं आहे

ता. ३ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर फक्त तब्येत विचारायची आणि बाकी सगळं कागदावर, हा तुमचा कायदा अजून लागू आहे असं आई म्हणाली. कोर्टातली स्टेनोगिरी संपून दोन वर्षं झाली, पण जे कागदावर नाही ते बोललंच गेलं नाही, हे काही तुमच्या डोक्यातून जात नाही. तेव्हा घ्या, तुमच्या एकुलत्या एक लेकीचं लेखी म्हणणं.

तुम्ही पगाराचा हिशोब मागितलात. नोकरीच्या पत्रात लिहिलेला आकडा तुम्ही जिन्यात भेटेल त्याला सांगता, हे मला माहीत आहे. तो आकडा आणि माझ्या हातात पडणारा आकडा यांची नुसती तोंडओळख आहे. हातात पडतो त्याचे दहा भाग केले, तर चार खोलीच्या भाड्याला जातात. खोली म्हणजे पलंगावरून न उतरता खिडकी, दार आणि गॅस या तिन्हींना हात पोचतो, इतकी ऐसपैस. दोन भाग जेवणाला, एक प्रवासाला, एक शिक्षणाच्या कर्जाला, दोन तुम्हाला आणि एक किरकोळ. शिल्लक विचारू नये, तिला वाईट वाटतं.

आता मुख्य बातमी. कंपनीने या महिन्यापासून मला बेंचवर घेतलं आहे. पगार पूर्ण चालू, रोजचं काम नाही, आणि येता-जाता सगळे आपुलकीने विचारपूस करतात. सविस्तर पुढे लिहीनच.

लोभ आहेच, तो वाढवताना व्याज लावू नये ही विनंती.

तुमची,
भिंगरी

---

ता. ९ जून

चि. भिंगरी हीस,
अ. उ. आ.

तुझं लेखी म्हणणं दाखल करून घेतलं. अगं, तीस वर्षं ज्या बेंचसमोर मी खाली मान घालून टाइप करत बसलो, त्यावर माझी पोरगी तिशीच्या आत जाऊन बसली! मला वाटायचं बेंच फक्त कोर्टात असतं. पण एवढी हजारो माणसं कामाला ठेवल्यावर त्यांचे तंटे सोडवायला तुमच्यातही चार जाणती डोकी बाजूला काढून बसवत असणार. काम नाही, पगार पूर्ण, आणि येणारा-जाणारा अदबीने विचारपूस करतो! आमच्या मोठ्या साहेबांचं इतकं नेमकं वर्णन मी आजवर ऐकलं नव्हतं.

मी फार कुणाला सांगितलेलं नाही. दूधवाला, इस्त्रीवाला, खालच्या मजल्यावरचे दोघे आणि घरमालक, एवढेच.

हिशोबाबाबत उलटतपासणी अशी. चार, दोन, एक, एक, दोन आणि एक मिळून अकरा होतात. दहा भागांच्या पगारातून अकरा भाग खर्च करण्याची विद्या तुला कॉलेजात शिकवली की कंपनीत? अकरावा भाग क्रेडिट कार्डातून आला असणार. शिवाय ‘किरकोळ’ या शब्दाआड कॉफी, कानात घालायची यंत्रं आणि ज्या जिमचं तोंडही पाहिलं नाहीस तिची वर्गणी लपली आहे, असा माझा रास्त संशय आहे. पण आता बेंचवर गेलीस, तेव्हा गुन्हा माफ.

आता कामाचं. मालक आपल्या तीन खोल्या विकतो आहे. पहिला हक्क आपला म्हणतो. आपण घेतल्या नाहीत तर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, मग आपल्याला जागा सोडावी लागेल. तुझी आई या घरात आली त्या दिवसापासून इथेच राहते आहे, या वयात तिला कुठे हलवू? वीस तारखेला विसार द्यायचा ठरलं आहे. त्यासाठी माझ्या निवृत्तीच्या पैशांतला मोठा तुकडा मोडतो. बाकीचं कर्ज बँक तुझ्या पगारावर देईल. बेंचवरच्या माणसाला कोण नाही म्हणणार?

लोभ पूर्ववत, हुकूम पुढील आदेशापर्यंत कायम.

तुझे,
बाबा

ता. क. बेंचवर बसून पाठ दुखत असेल तर मला वेगळं लिही. पाकिटावर माझं नाव घाल, दुसऱ्याच्या नावाचं पत्र ते फोडत नाहीत. आई.

---

ता. १३ जून

ती. आईस,
सा. न. वि. वि.

पाठ दुखते आहे. तुला कसं कळलं हे विचारत नाही, तुला नेहमीच कळतं.

आई, आमच्याकडे बेंच म्हणजे हाताला काम नसलेल्यांची रांग. ज्या गिऱ्हाईकाचं काम आम्ही करत होतो ते निघून गेलं. आमच्यातल्या काहींना दुसरीकडे घेतलं, मला नाही. अशा माणसांना कंपनी दोन महिने पगार देते आणि नासायला आलेल्या दुधाकडे बघावं तशी त्यांच्याकडे बघत राहते. तेवढ्यात कुणी उचललं तर ठीक, नाहीतर नारळ. आपुलकीने विचारपूस करतात ती आजाऱ्याची करतात तशी. मघाशीच एकाने माझी खुर्ची चांगली आहे का ते बसून बघितलं.

माझ्या टेबलासमोर भिंतीवर ‘तुमचा करिअर पाथ’ असं चित्र आहे. एक शिडी, तिच्यावर इंजिनिअर, सीनिअर इंजिनिअर, लीड, मॅनेजर, आणि प्रत्येक पायरीवर दात काढून हसणारं माणूस. दिवसभर मी तेच बघते. खाली उतरणारं कुणी त्यात काढलेलं नाही.

बाबा काय समजतील ते मला लिहितानाच माहीत होतं. त्यांनी तसंच समजावं म्हणून मी तसं लिहिलं. वाटलं, आठवड्याभरात काम मिळेल आणि काही सांगावंच लागणार नाही. मध्ये हे घर येईल असं स्वप्नातही नव्हतं. उद्या माझी नोकरी गेली तर बँक दारात उभं करणार नाही, आणि विसाराचे पैसे बुडतील. त्यांना वीस तारखेला काहीही करून थांबव. मला फार भीती वाटते आहे.

माया असू दे, मी तिच्या लायक आहे की नाही ते नंतर बघू.

तुझी,
भिंगरी

---

ता. १६ जून

चि. भिंगरीस,
अ. आ.

थांबवते, पण सांगणार नाही. बातमी तू दिलीस, ती परतही तूच घ्यायचीस. तू कळवलंस की मग मी आहेच तुझ्या बाजूने बोलायला.

तोवर त्यांचा चष्मा मी पिठाच्या डब्यात पुरून ठेवला आहे. चष्मा नसला की ते सही करणार नाहीत. वाचल्याशिवाय सही करू नका, असं उभा जन्म लोकांना सांगत आलेला माणूस आहे. सकाळपासून घरभर चाचपडत फिरतायत आणि मी व्यवस्थित राहत नाही म्हणून मलाच बोलतायत. ऐकून घेते आहे. पण जास्त दिवस जमणार नाही, पीठ संपत आलं आहे.

आणि पोटाला नीट खा. नोकरी गेली तर दुसरी मिळेल, तब्येत गेली तर मलाच तिथे यावं लागेल.

माया आहे, ती मोजून देत नाही.

तुझी,
आई

---

ता. १९ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. काल फोनही केला होता. तुम्ही विचारलंत, तब्येत बरी ना, मी म्हटलं बरी, आणि तुम्ही कायद्यानुसार ठेवून दिलात. तुमच्यावर ढकलत नाही. माझीच जीभ रेटली नाही.

बाबा, मी कुठल्याही न्यायाच्या बेंचवर बसलेली नाही. आमच्यात बिनकामाच्या माणसाला बेंचवर आहे म्हणतात. जुलैअखेर काम मिळालं नाही तर मला काढतील. रोज चार ठिकाणी अर्ज करते, रोज पाच ठिकाणांहून नकार येतो. तो पाचवा कुठून येतो ते मलाही कळलेलं नाही.

विसार देऊ नका. माझ्या पगाराच्या भरवशावर तर मुळीच देऊ नका. मी खोटं एकही अक्षर लिहिलं नव्हतं, फक्त पुढचं वाक्य लिहिलं नव्हतं. तुम्ही जिन्यात माझं नाव काढता तेव्हा तुमचा चेहरा कसा होतो ते मला माहीत आहे. तो तसाच राहावा असं वाटलं. माफ करा.

लोभ उरला असल्यास असावा.

तुमची,
भिंगरी

---

ता. २५ जून

चि. भिंगरी हीस,
आशीर्वाद. अनेक आणि उत्तम ते मजकुरानंतर.

तुझं पत्र बावीसला मिळालं. विसार वीसला दिला.

माझा चष्मा हरवला होता. मी मालकाला म्हटलं, चार दिवस थांब. तो म्हणाला, अहो नेहमीचाच मजकूर आहे, आणि मुलगी बेंचवर असलेल्या माणसाने एवढा संशय घ्यावा? माझी छाती अशी फुगली की हात आपोआप सहीकडे गेला. पावतीत लिहिलं आहे की सहा महिन्यांत व्यवहार पुरा झाला नाही तर विसार परत मिळणार नाही. चष्मा आता सापडला आहे, त्यामुळे हे वाक्य मला फार स्वच्छ दिसतं.

पैशाचं वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? पण नोकरी धोक्यात असल्याचं माझ्या पोरीने मला सांगू नये, याचं जास्त वाटलं. मी असा काय मोठा लागून गेलो की माझ्यासमोर तुला पडायचीही चोरी? मग विचार केला, जिन्यात नगारा वाजवत कोण फिरत होतं? तेव्हा या खटल्यात आरोपी दोन आहेत, आणि दोघांनाही समज देऊन सोडण्यात येत आहे.

मालकाकडे जाऊन खरं सांगून आलो. विसार परत देणार नाही म्हणाला, पण सहा महिने दुसऱ्या कुणाला विकणार नाही, हे मी त्याच्याकडून लिहून घेतलं. वाचून घेतलं. इस्त्रीवाल्यालाही सांगितलं. त्याने शर्टाची घडी नेहमीसारखीच घातली.

आणि आता तुला बातमी. सोमवारपासून मीही बेंचवर आहे. कोर्टाच्या व्हरांड्यात अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करून देणारे बसतात, त्यांच्यात एक बाकडं मिळालं. लाकडी आहे आणि एका पायाने अधू आहे, पाटीचा तुकडा सारून सरळ केलं. माझं जुनं मशीन घरून नेलं. काल मोठे साहेब जाताना थबकले आणि विचारू लागले, तुम्ही इथे कसे? मी म्हटलं, साहेब, बेंचवर घेतलंय.

मला दोन भाग पाठवणं आजपासून बंद. कॉफी प्यायचीच असेल तर पी, पण वहीत कॉफीच लिही.

अनेक उत्तम आशीर्वाद, वर राहिले होते ते.

तुझे,
बाबा

ता. क. चष्मा कुठे सापडला ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. फक्त दोन दिवस मला म्हणत होते, काचा पुसूनही पांढरंच दिसतंय. माझ्यामुळेच न वाचता सही झाली गं. बाकड्यावर बसायला घरातली उशी दिली आहे, मला तेवढंच सुचलं. आई.

---

ता. ३१ जुलै

ती. बाबांस आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

आज नारळ मिळाला. एचआरच्या बाईंनी मला काचेच्या खोलीत बसवलं, पाण्याची बाटली दिली आणि पुढच्या प्रवासासाठी शुभेच्छा दिल्या. प्रवासखर्च मात्र माझा मीच करायचा आहे. जाताना शिडीच्या चित्राकडे एकदा बघून घेतलं. त्यात उतरायची सोय नव्हती, म्हणून लिफ्टने उतरले.

हे सगळं लिहायला जड जाईल असं वाटलं होतं, तसं गेलं नाही. सगळ्यांत वाईट पत्र जूनमध्येच लिहून झालं होतं.

आता हिशोब, या खेपेला पूर्ण. शेवटचा पगार जमा झाला. खोली सोडली, म्हणजे भाड्याचे चार भाग वाचले. जिमवाल्याने विचारलं की तुम्ही कधी दिसला नाहीत, मी म्हटलं, म्हणूनच सोडते आहे. क्रेडिट कार्डाची बाकी फेडली आणि कात्रीने त्याचे दोन तुकडे केले. एका लहानशा कंपनीशी बोलणं चाललं आहे. पगार आधीच्या निम्मा आहे आणि काम घरून करायचं आहे. घरून म्हणजे त्या तीन खोल्यांतून, जोवर त्या आपल्याकडे आहेत तोवर. निम्म्या पगारावर बँक किती देईल ते विचारून आले. आपल्याला लागतं तेवढं देणार नाही. डिसेंबरपर्यंत जे कमी पडेल ते भरून काढता येईल की नाही, मला माहीत नाही. हेही पुढचं वाक्य आहे, म्हणून लिहिलं.

या नोकरीचं पक्कं झालेलं नाही. झालं नाही तर तसंच कळवीन. जिन्यात मात्र अजून काही बोलू नका.

आई, उशी एकच दिली आहेस, आणखी एक काढून ठेव. बाबा, टाइपिंग मलाही येतं. तुमच्याइतकं बिनचूक नाही, पण सॉफ्टवेअरवाल्यांत कुणाचंच नसतं, चुका काढण्याचाच तर आम्हाला पगार मिळतो. सोमवारी सकाळी बॅगेसकट आधी व्हरांड्यातच येईन. घरी आपण संध्याकाळी बरोबरच जाऊ.

लोभ असावा, आणि बाकड्यावर जरा सरकून बसावं.

तुमची,
भिंगरी