टिटवीच्या काचेवरचा उंचवटा

मी, यज्ञेश्वर सदाशिव खांबेटे, वय ७४, निवृत्त यंत्र अभियंता, राहणार नारायण पेठ, पुणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ज्यांना तो पुरेसा वाटणार नाही, त्यांना माझी बुद्धी पूर्वीही पुरेशी वाटलेली नाही. हृदय मात्र थकलं आहे, म्हणून ही घाई.

१. राहता फ्लॅट स्वकष्टार्जित असून तो व बँकेतली शिल्लक माझा मुलगा चि. तेजस यास मिळावी. तो हिंजवडीत मोठ्या कंपनीत आहे. त्याला या दोन्हींची गरज नाही, पण बापाने द्यायचं असतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतली नंदाची कढीपत्त्याची कुंडी त्याने स्वतःच्या घरी न्यावी.

२. धायरीच्या शेडमधली लेथ आणि सर्व हत्यारं बाबुराव शेलार यांना द्यावीत. आमच्या विमानाची प्रत्येक जोडणी त्यांच्या हातची आहे. त्यांना या कागदावर साक्षीदार व्हायचं होतं. ज्याला काही मिळायचं आहे त्याने साक्ष देऊ नये, असं वकिलांनी सांगितल्यावर ते म्हणाले, "मग हत्यारं राहू द्या, सही करतो." त्यांचं ऐकू नये.

३. त्याच शेडमध्ये 'टिटवी' नावाचं एकासनी विमान आहे. माझी पत्नी कै. सौ. नंदा आणि मी ते शर्यतीसाठी बनवलं. नंदा तरुणपणी ग्लायडर उडवायला शिकली होती. अमेरिकेत खांबांभोवती विमानांच्या शर्यती होतात, त्यांचे फोटो बघून ती म्हणाली, "अहो, हे सगळे डावीकडेच वळतात. मग दोन्ही पंख सारखे कशाला?" तिथून सुरुवात झाली. वळणात आतल्या पंखाला वेग कमी मिळतो, म्हणून टिटवीचा डावा पंख वीतभर लांब आहे. इंजिनं लहान आणि दोन. एक नाकाशी, एक पाठीशी, मधे वैमानिक. एक बंद पडलं तरी विमान बाजूला ओढलं जात नाही. एक्क्याण्णवनंतर बाहेरून माल मागवणं सोपं झालं, तेव्हा लोकांनी गाड्या घेतल्या, आम्ही ही इंजिनं घेतली. नातेवाइकांनी विमान पाहून "वाकडं झालंय का?" असं विचारलं. त्यांच्यासाठी या मृत्युपत्रात काही नाही.

वैमानिकाची जागा नंदाच्या मापाने केली. वरच्या प्लॅस्टिकच्या काचेचं माप घेताना ती रोजच्यासारखीच बसली, अंबाड्यासकट. शर्यतीच्या विमानावर हवेला अडेल असं बोटभरही काही ठेवत नाहीत, आणि आमच्या काचेला मागे अंबाड्याएवढा उंचवटा आला. तापवून वाकवलेली काच निवेपर्यंत दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. नंदा हसली. म्हणाली, "राहू द्या. मी जिंकले तर सगळेच अंबाडे घालतील."

४. पहिलं उड्डाण हिंजवडीला पृथ्वीराज गवारे यांच्या शेतात व्हायचं होतं. धावपट्टी त्यांनीच रोलर फिरवून करून दिली होती. पुढे ती जमीन आयटी पार्कात गेली. ते सांगायला घरी आले. "काका, समद्या भावकीच्या सह्या झाल्यात. माझ्या एकट्यानं काय व्हनार हाय?" नंदाची केमोथेरपी नुकतीच सुरू झाली होती. मी दार लावून घेतलं आणि आजतागायत त्यांच्याशी बोललेलो नाही. टिटवीने जिथे जमीन सोडायची, साधारण तिथेच आता तेजसचं ऑफिस आहे. हा राग माझा वैयक्तिक असून तो वारसाहक्काने तेजसकडे जाऊ नये.

५. औषधांनी नंदाचे केस गेले. एका दुपारी ती हट्टाने शेडमध्ये आली, टिटवीत बसली, काच लावून घेतली आणि डोक्यामागच्या रिकाम्या जागेत हात फिरवला. "अहो, आता हा फुगवटा कापून टाका. वेग वाढेल."

मी म्हटलं, "केस येतील परत."

"मी शर्यतीचं बोलतेय," ती म्हणाली.

त्या दिवाळीआधी ती गेली. काच तशीच आहे. दर रविवारी मी ती पुसतो. तिच्यावाचून मला करमत नाही. वकिलांच्या मते हे वाक्य इथे अनावश्यक आहे.

६. टिटवी ऑफिसच्या दर्शनी हॉलमध्ये टांगावी, असं तेजसचं म्हणणं. "बाबा, निदान लोक बघतील तरी." त्याचा हेतू चांगला आहे. पण गेल्या महिन्यात पृथ्वीराजांची मुलगी ऋतिका शेडवर आली. जमिनीच्या पैशांतून बापाने तिला वैमानिक केलं आहे. "काका, एकदा बसून बघू?" म्हणाली, आणि मी नाही म्हणेपर्यंत बसलीसुद्धा. खांदे, पाय, सगळं नंदाच्या मापात बसलं. केस बारीक कापलेले. काचेतून तिने विचारलं, "मागे हा बम्प का ठेवलाय? ड्रॅग वाढतो ना." मी घरी येऊन रडलो.

सबब, टिटवी दोन्ही इंजिनांसह कु. ऋतिका पृथ्वीराज गवारे हिला द्यावी. ती टांगू नये, उडवावी. आधी तपासणी आणि परवाने. पॅराशूटशिवाय बसू नये. उजवीकडे वळताना जपावं, त्या बाजूला टिटवी हट्टी आहे. माझ्या पश्चात बाबुरावांनी काचेवरचा उंचवटा कापून काच सरळ करावी. नंदाने तसं सांगितलं होतं, आणि वेगाच्या बाबतीत तिचंच बरोबर असे. माझ्या हयातीत हे मला जमणार नाही.

७. कापलेला तुकडा माझ्यासोबत द्यावा असं मनात होतं. पण वैकुंठ स्मशानभूमीत प्लॅस्टिक घालू देणार नाहीत. तो तेजसने कढीपत्त्याच्या कुंडीशेजारी ठेवावा. तुकडा वाटीसारखा दिसेल. त्यात किल्ल्या, सुटे पैसे वगैरे टाकू नयेत. ती नंदाच्या अंबाड्याची जागा आहे.

वरील मजकूर मी वाचून, समजून, खालील दोघांसमक्ष सही केली आहे.

यज्ञेश्वर सदाशिव खांबेटे (सही)

साक्षीदार:
१. विजयमाला आपटे, शेजारी (सही)
२. डॉ. बजरंग काळोखे (सही)

स्थळ: पुणे
दिनांक: ९ ऑक्टोबर २०११