बँक आणि आईचा गुडघा

शनिवार, ९ नोव्हेंबर १९४६

चेक बँकेत भरला. लष्करी दवाखान्यातल्या दोन वर्षांच्या नोकरीचे राहिलेले दोनशे चाळीस रुपये. युद्ध संपून वर्ष झाल्यावर सरकारला माझी आठवण झाली.

म्हणजे जानेवारीत मद्रासला एक्स-रेचा कोर्स. फी पंधरा डिसेंबरच्या आत पोचली पाहिजे. आमच्या मिशन दवाखान्यात एक्स-रे मशीन खोक्यात पडून आहे. जो शिकून येईल त्याच्या हाती ते मशीन देणार, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आहे. मी गेले नाही तर कंपाउंडर बन्सी जाईल. बन्सी थर्मामीटर झटकताना डोळे मिटून घेतो.

चेकच्या पाठीवर सही केली, म्हणजे पुढे काही अडायला नको. बाजारात लिफाफे मिळत नाहीत, म्हणून आमच्या ख्रिस्ती देवळाने हंगामाच्या सणासाठी वाटलेल्या पाकिटांपैकी एकात घालून घड्याळामागे ठेवला. आईचं अर्पणाचं पाकीटही घड्याळामागेच होतं. दोन्ही तिने खळ लावून चिकटवली. त्यात गोंधळ व्हायचं कारण नाही. प्रयोगशाळेत माझ्यासमोर बाटल्यांची रांग असते. एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर आजवर गेलेलं नाही. निघताना पाकीट उचललं, भरणा स्लिप टाचणीने वर लावली.

शनिवार, त्यामुळे बँकेची खिडकी बंद होत होती. शिपाई सहादेवने पाकीट घेतलं. त्यावर छापलेलं ‘उपकारस्तुतीचे अर्पण’ अक्षराला अक्षर लावून वाचलं आणि म्हणाला, “ताई, हे द्येवाचं हाय का ब्यांकंचं?” मी म्हटलं, आत दे. पोच सोमवारी.

रविवार, १० नोव्हेंबर

हंगामाचा सण. देवळात पारनेरकडची बाजरी, कोपरगावचा ऊस, कोंबड्या, दोन बोकडं. आईने पाकीट ताटलीत टाकताना डोळे मिटून ओठ हलवले. दरवर्षी दोन आणे टाकते, पण चेहरा दोनशेचा.

उपासनेनंतर अर्पणाचा लिलाव. खजिनदार यशया मास्तरांची बायको मरियाबाई आणि आमची आई एका भोपळ्यावरून इरेला पेटल्या. आई जिंकली. सव्वादोन रुपये. तेवढ्यात बागेतला सगळा वेल आला असता.

रविवारी रागवायचं नाही असा नियम आहे. रागावले नाही. भोपळा घरी मीच उचलून आणला.

सोमवार, ११ नोव्हेंबर

बँक चोर आहे.

नीट लिहिते. पोच घ्यायला गेले. खिडकीवर श्रीमंत नावाचा क्लार्क. म्हणाला, “बाई, पाकिटात चेक न्हवता. एक रुपयाची नोट आन् एक चिठ्ठी हुती.” मी म्हटलं, स्लिपवर काय लिहिलंय? म्हणाला, चेक लिहिलाय, पण निघाला रुपया. जादूच्या खेळात हेच ऐकायला मिळतं, तिथे निदान तिकीट तरी स्वस्त असतं.

त्याने ती चिठ्ठी पुढे सरकवली. मी वाचली नाही. ज्यांनी चूक केली त्यांचेच कागद वाचत बसायला मला वेळ नाही.

मी वळले तर मागून म्हणतो, “आईचा गुडघा कसाय आता?”

माझ्या आईचा उजवा गुडघा दुखतो, हे बँकेला कुणी सांगितलं? खातेदारांच्या घरची दुखणी गोळा करण्याची यांची काहीतरी पद्धत असणार. माणूस कुठे कमजोर आहे ते आधी बघायचं, मग लुबाडायचं. तडक बाहेर पडले.

संध्याकाळी भोपळ्याची भाजी.

बुधवार, १३ नोव्हेंबर

मॅनेजरला भेटले. ठरवून गेले होते: आवाज चढवायचा नाही, इंग्रजीत बोलायचं, मुद्द्याला धरून. दोन वाक्यं इंग्रजीत झाली. तिसरं, सहादेव चोर आहे हे, मराठीत झालं आणि बाहेर सायकलवाले थांबून ऐकू लागले.

मॅनेजर म्हणाले, सहादेव जुना माणूस आहे, त्याच्या हातून कधी टाचणीसुद्धा गेली नाही. “तुम्ही घरी एकदा शांतपणे आठवा ना, बाई.” शांतपणे! माझ्याइतकं शांत माणूस या जिल्ह्यात नसेल. मी त्यांच्या टेबलावर मूठ आपटली ती केवळ कागद उडू नयेत म्हणून.

मग त्यांनी तोच रुपया काढून दिला. दोनशे चाळीसच्या जागी एक! मी हात लावला नाही.

वॉर्डातल्या आया गोजरबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “अवं ताई, रुपाया तरी घ्यायचा की! ब्यांक आपनहून कुनाला काय देती व्हय?” मी तत्त्व समजावलं. म्हणाल्या, “तत्त्व भाकरीसंगं खात्यात का कोरडंच?”

उद्यापासून हा विषय कुणापाशी काढायचा नाही.

रविवार, १७ नोव्हेंबर

विषय पाळकसाहेबांच्या बायकोपाशी, पाळकीणबाईंपाशी, काढला. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, “बोलू नकोस, बाळ. देवाला सगळं कळतं.” पाळकीणबाई असल्या तरी बँकेच्या कारभाराची त्यांना बरीच जाण दिसते.

पाळक याकोबसाहेबांनी आज ‘एका बहिणी’विषयी प्रवचन केलं. तिने म्हणे हंगामाच्या अर्पणात आपलं सर्वस्व घातलं. नाव सांगणार नाहीत, कारण उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये. त्या पैशांतून तडकलेली घंटा जाऊन आता देवळावर नवी येणार. कोण ही मूर्ख बाई? द्यावं, पण आधी हिशोब करावा. घरी आल्यावर आईला तसं म्हटलंही.

सगळ्या बायका वळून माझ्याकडे बघत होत्या. मी नवा निळा ब्लाउज घातला होता. गळा थोडा मोठाच शिवला आहे.

आई मात्र घुश्शात. “यशया मास्तरांच्या खोकल्यासाठी प्रार्थना झाली, मोशे पाटलांच्या म्हशीसाठी झाली. माझ्या गुडघ्याचं नावसुद्धा नाही. एवढं लिहून घातलं होतं मी!” मी म्हटलं, दोन आण्यांत म्हशीच्या पुढे नंबर लागत नाही. आई काहीतरी म्हणणार होती, पण तोंड फिरवून बसली.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

बँकेच्या हेड ऑफिसला पत्र घातलं. टाइप करून, कार्बनसह. कडक पण सभ्य. ‘दरोडा’ हा शब्द काढून ‘अनियमितता’ घातला आणि मग पुन्हा ‘दरोडा’ घातला.

लोक मात्र चांगले आहेत. मरियाबाईंनी अंडी पाठवली. शाळेतल्या एलिया गुरुजींनी रस्त्यात टोपी काढून “सलाम, कृपाताई” केला. एरवी ते मान वळवून जातात. माझ्या लढ्याची बातमी पसरलेली दिसते. नगरमध्ये न्यायाची चाड अजून शिल्लक आहे, आणि ती माझ्यामुळे जागी झाली असेल तर मी नाही म्हणणार नाही.

बन्सीने विचारलं, फी गेली का? मी म्हटलं, जाईल. तो शिट्टी वाजवत गेला.

शनिवार, ३० नोव्हेंबर

हेड ऑफिसचं उत्तर. छापील कागद, मध्ये एकच ओळ टाइप केलेली: आपला एक रुपया शाखेत जमा आहे, तो सवडीने न्यावा.

पत्र फाडलं. मग पुरावा म्हणून चिकटवलं.

रविवार, १ डिसेंबर

नवी घंटा चढली. पुण्याहून जुनी पण चांगली मिळाली. पाळकसाहेबांनी पहिला टोला मला द्यायला लावला. मी का, असं विचारलं तर म्हणाले, “तू नाही तर कोण?” खरं आहे. मंडळीत यंत्रं कळणारी मी एकटीच आहे. वर चढून आधी कडी तपासली, बोल्ट एक माप जाड हवा म्हणून सांगितलं, आणि मग टोला दिला. कुणीतरी हुंदका दिला. घंटेचा आवाज इतका काही वाईट नव्हता.

गुरुवार, ५ डिसेंबर

विजय जवळ आहे. मॅनेजरांचा निरोप आला: त्यांनी सरकारी ट्रेझरीकडे चौकशी केली होती, चेक कुठे वठला ते कळलं आहे, उद्या या. म्हणजे चोर सापडला! फीला अजून दहा दिवस आहेत. आज मी बन्सीला शिट्टी बंद करायला सांगितलं.

एकटी जाणार नाही. पाळकसाहेबांना आणि यशया मास्तरांना बरोबर नेते. माझ्या चारित्र्याबद्दल दोन शब्द सांगायला. पाळकसाहेब लगेच तयार झाले. म्हणाले, “तुझ्याबद्दल बँकेत बोलायला मिळणं हे माझं भाग्य.” मला जरा जास्तच वाटलं.

उद्याचं भाषण पाठ केलं आहे. शेवटचं वाक्य: “मी क्षमा करते, पण विसरत नाही.”

शुक्रवार, ६ डिसेंबर

मॅनेजर, श्रीमंत आणि दाराशी सहादेव. आम्ही तिघं समोर. मी भाषण सुरू केलं. ‘अनियमितता’पर्यंत आले तेव्हा मॅनेजरांनी ट्रेझरीचा कागद वाचला. चेक वठला तो शेजारच्या सहकारी बँकेत. मागे माझी सही, त्यामुळे तो कुणालाही भरता येत होता. खाली दुसरी सही यशया मास्तरांची. जमा, देवळाच्या खात्यावर.

मी यशया मास्तरांकडे बघितलं. ते हसत होते. लाजून.

आणि मग पाळकसाहेब उभे राहिले. मला थांबवता आलं नाही. “मॅनेजरसाहेब, या मुलीने हंगामाच्या अर्पणाच्या पाकिटात आपली दोन वर्षांची कमाई घातली. कुणाला कळू दिलं नाही. वर लोकांची नजर दुसरीकडे वळावी म्हणून तुमच्याशी भांडणसुद्धा केलं!” त्यांनी चष्मा काढून पुसला. सहादेवनेही उपरण्याने डोळे पुसले. श्रीमंतने ती चिठ्ठी पुढे केली. आज वाचली. आईचं अक्षर. ‘माझ्या उजव्या गुडघ्यासाठी मंडळीने प्रार्थना करावी. सोबत रुपया एक. कृपाची आई.’

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. काहीतरी बोलायला हवं होतं. भाषणातलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं.

मॅनेजर म्हणाले, “तसं असेल तर बँकेची काही तक्रार नाही. पण बाई, हे अर्पण तुम्ही स्वखुशीने दिलंत ना?”

समोर पाळकसाहेब. त्यांच्या कोटाची बाही कोपरावर विरली आहे.

मी हो म्हटलं.

सहादेवला मी चोर म्हटलं होतं. त्याने बाहेरपर्यंत येऊन सायकल धरली.

शनिवार, ७ डिसेंबर

घंटा पहाटे वाजते. या घंटेचा आवाज फार मोठा आहे. बोल्टचं कुणी ऐकलेलं नाही.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे माझा रुपया बँकेत आहे? आणि दोन आण्यांचं ऐकवत होतीस मला!”

गुरुवार, १२ डिसेंबर

डॉक्टरीणबाईंना सांगितलं की या वर्षी मद्रासला जाणार नाही. प्रयोगशाळेत माझी गरज आहे. हा माझा निर्णय आहे. त्या म्हणाल्या, घंटेबद्दल ऐकलं, तुझा अभिमान वाटतो. बन्सीची फी दवाखाना भरणार आहे. हे आधी कुणी सांगितलं असतं तर! पण मी कधी विचारलं नव्हतं.

बन्सीला मशीनचे भाग मी समजावून द्यायचे, असं त्यांनी सांगितलं आहे. आज खोकं उघडलं. ट्यूब दाखवताना त्याने डोळे मिटले.

शनिवार, १४ डिसेंबर

बँकेत गेले. श्रीमंतकडून एक रुपया घेतला, रजिस्टरमध्ये सही केली. त्याने पुन्हा गुडघ्याची चौकशी केली. दुखतो म्हणून सांगितलं. म्हणाला, एरंडाचं पान गरम करून बांधा.

माणूस वाईट नाही.

रविवार, १५ डिसेंबर

आईने रुपया आणि नवी चिठ्ठी पाकिटात घातली. चिठ्ठीत या वेळी ‘दोन्ही गुडघ्यांसाठी’ असं लिहिलं आहे. एका महिन्याचं व्याज म्हणे. खळ मी लावू दिली नाही.

उपासनेला मला पुढच्या बाकावर बसवलं. आता कायम तिथेच बसायचं आहे. ताटली माझ्यापर्यंत आली तेव्हा सगळ्या मंडळीची नजर माझ्या हाताकडे होती. मी आईचं पाकीट उघडून आत बघितलं.

रुपयाच होता.