रक्तदात्यांच्या यादीतले पी.पी. नंबर

सर, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर मला आधी तुमचं रागावणं आठवावं लागतं. ऐंशीच्या दशकातलं आपलं ते अंधेरीचं ऑफिस. संगणकाला एसी होता, आपल्याला पंखे. मुलुंडच्या एका हॉस्पिटलची रक्तदात्यांची यादी संगणकावर चढवायचं काम आलं होतं. नावं, रक्तगट ठीक होते, फोन नंबरांची मात्र खिचडी होती. कुणी मध्ये रेघ दिलेली, कुणी जागा सोडलेली, कुणाचे सहा आकडे, कुणाचे सात. आणि कितीतरी नंबरांपुढे पी.पी. घरी फोन नसला की लोक शेजाऱ्याचा नंबर देत, त्यापुढे पी.पी. लिहीत, आणि निरोप कुठे द्यायचा तेही: ‘वाण्याचं दुकान, खोली ४’.

मी एकेक नंबर हाताने दुरुस्त करतेय हे बघून तुम्ही म्हणालात, “असं तर वर्ष जाईल गं. काय काढायचं ते मशीनला सांग ना, मशीन शोधेल.” मग रेग्युलर एक्सप्रेशन शिकवलंत. फळ्यावर चौकटी कंस, त्यात शून्य ते नऊ, आणि आकड्यांच्या आधी टोपीसारखं चिन्ह. म्हणजे अंक सोडून उरलेलं सगळं. ते शोधायचं आणि पुसायचं. मला ते भलतंच आवडलं. तुम्ही जेवून परत यायच्या आत मी अख्ख्या यादीवर ती एक ओळ चालवली होती. नुसते आकडे उरले. यादी छापून हॉस्पिटलला गेलीसुद्धा.

पंधराएक दिवसांनी, दुपारी, हॉस्पिटलातून फोन येतो. एका बाळंतिणीचं खूप रक्त गेलंय, तिचा गट निगेटिव्ह, यादीत त्या गटाचा कांजूरमार्गचा एकच माणूस, आणि त्याच्या नंबरावर भलतंच कुणी बोलतंय. तुम्ही पडद्यावर नंबर बघता, मग कपाटातून हॉस्पिटलने यादीसोबत दिलेला त्याचा कागदी फॉर्म काढता. फॉर्मवर सहा आकडे, पी.पी., खोली ४. माझ्या ओळीने शब्द पुसले होते आणि खोलीचा चार नंबराला चिकटवला होता. सातआकडी नंबरही तेव्हा असायचेच, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. तुम्ही खरा नंबर फिरवलात. वाणी म्हणाला, “थांबा, घरात हाय का बघतो.” तो येईपर्यंत तुम्ही रिसीव्हर कानाला लावून उभे होतात. माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीत.

माणूस घरात होता. संध्याकाळी फोनवर कळलं, बाई वाचली.

“वाट लावलीस ना,” तुम्ही फोन ठेवून म्हणालात. “मूळ फाइल ठेवलीस का?” ठेवली नव्हती. “पी.पी. म्हणजे काय माहीत नव्हतं तुला?” मी म्हणाले, नव्हतं. तुमचा राग तिथल्या तिथे उतरला. “घरी फोन असलेली पोरं तुम्ही, तुम्हाला कसं कळणार. मीच सांगायला हवं होतं.” पुढचा आठवडाभर तुम्ही शेजारी बसून एकेक फॉर्म वाचलात आणि मी टाइप केलं. हॉस्पिटलला पाठवलेल्या पत्रात चूक तुम्ही स्वतःच्या नावावर घेतलीत. मला त्याची लाज वाटली, पण थोडी सुटल्यासारखंही वाटलं.

पुढे तुमच्यासोबत मी किती चहा प्यायले याला गणती नाही. त्यात कधीही हे सांगता आलं असतं. आता तुमच्या घरी तुमचा मुलगा राहतो, तो मला ओळखतही नाही, त्यामुळे हा कागद पाठवायचा प्रश्नच येत नाही.

मला माहीत होतं, सर. बोरिवलीच्या आमच्या चाळीत फोन फक्त खालच्या डॉक्टरांकडे होता. नोकरीच्या अर्जावर मी त्यांचाच नंबर दिला होता आणि पुढचं पी.पी. लिहिलं नव्हतं. यादीतली ती अक्षरं मी नीट वाचली होती. ती जाताना बघून मला बरं वाटलं होतं.